बाई, तुम्हाला चिन्यांचं एवढं काय?

"कान्होजी आंग्रे सोडून हे चिन्यांच्या जहाजांचं काय घेऊन बसलात, बाई?" व्याख्यान संपून चहा आला की हा प्रश्न येतोच. गलवानची चीनशी चकमक झाल्यापासून त्यात थोडा दमही भरलेला असतो. माझ्या सख्ख्या भाच्याने तर विचारलं, "मावशी, तिकडून पैसे येतात का गं?" हसत विचारलं, पण विचारलंच ना.

पैसे येत नाहीत. एसटीचं भाडं मिळतं आणि शाल-नारळ. शाली सतरा झाल्यात, कुणाला हव्या असतील तर सांगा.

इतकी वर्षं मी ठरलेलं उत्तर देत आले. चिनी आरमारप्रमुख झेंग हेच्या (पोरं लगेच 'झेंग हे की झेंग ते' करतात, करू देत) सात सफरी १४०५ ते १४३३ या काळातल्या, आणि त्या केरळातल्या ज्या कालिकतला येत होत्या ते आपल्याच किनाऱ्यावरचं. त्याचा दुभाषा मा हुआन याने कालिकतचा बाजार लिहून ठेवलाय. हिशेबाला चिनी मणिचौकट (ॲबॅकस) नाही; हातापायांची वीस बोटं, आणि चूक म्हणून नाही. भाव ठरला की हातात हात, मग स्वस्त पडो की महाग, शब्द फिरवायचा नाही. गुरांच्या बाजारात वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? उत्तर खोटं नाही. पण मी हे करते ते त्यासाठी नाही.

खरं कारण एक फ्लेक्स आहे.

२००२ मध्ये एका निवृत्त ब्रिटिश पाणबुडी अधिकाऱ्याचं पुस्तक आलं होतं: चिनी आरमार १४२१ च्या सफरीत थेट अमेरिकेला पोचलं, कोलंबसाच्या सत्तर वर्षं आधी. मग २००६ मध्ये चीनमध्ये एक नकाशा उजेडात आला. १४१८ च्या नकाशाची १७६३ मध्ये केलेली नक्कल, असं त्यावर लिहिलेलं. दोन गोलार्ध, सगळे खंड जागच्या जागी. मी हुरळले. सहा फुटी फ्लेक्स छापून घेतला आणि शाळाशाळांतून फिरवायला लागले. "गोऱ्यांनी आपल्याला काय शिकवलं आणि खरं काय आहे, बघा!" या वाक्याला टाळी ठरलेली.

पुढच्या वर्षी एका शाळेत आठवीच्या वर्गात तो फळ्यावर टांगला होता. पावसाचे दिवस, पत्र्यावर इतका आवाज की मी ओरडूनच बोलत होते. शेवटच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. मांडीवर शाळेचा नकाशासंग्रह, खाकी कव्हर घातलेला, पानात एक बोट अडकवलेलं. उभा राहून म्हणाला, "बाई, कॅलिफोर्निया बेट आहे का?"

मी फ्लेक्सकडे बघितलं. होतं. मुख्य भूमीपासून सुटलेलं, स्वच्छ बेट. इतक्या शाळांत हाच नकाशा टांगला, पण ते माझ्या नजरेलाच पडलं नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि माझे कान तापले. मग मी काय केलं? "त्या काळचे नकाशे असेच असायचे. बस खाली." वर्ग हसला. त्याने बोट काढलं, पुस्तक मिटलं, बसला. तो तास संपेपर्यंत मी त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही.

दोनेक वर्षांनी मी नीट वाचायला बसले. कॅलिफोर्निया बेट आहे ही सतराव्या शतकात युरोपीय नकाशांमध्ये पसरलेली चूक. जी चूक तिकडे दोनशे वर्षांनी व्हायची होती, तीच १४१८ मध्ये चिन्यांनी कशी केली? म्हणजे नकाशा खूप नंतरचा, युरोपीय नकाशांवरून उचललेला. जाणकारांनी हे २००६ मध्येच सांगितलं होतं; मी वाचलं नव्हतं, कारण मला वाचायचं नव्हतं. आणि तेरा वर्षांच्या पोराने ते शाळेच्या नकाशात बोट घालून दाखवलं होतं.

त्या शाळेत परत गेले. वडिलांची बदली झाली, दाखला नेला, असं कळलं. पत्ता मिळाला असता. मी मागितला नाही.

तेव्हाची मी अजून भांडते. म्हणते, अगं, त्या फ्लेक्समुळे मागचे बाक जागे तरी राहायचे. आता तू श्रीलंकेतल्या गॉलचा, झेंग हेच्या सफरींतला शिलालेख दाखवतेस आणि लोक घड्याळं बघतात. बघतात, खरंय. पण काय चीज आहे तो! १४०९ चा मजकूर, एकाच शिळेवर चिनी, तमिळ आणि फारसी. चिनीत दान बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूच्या अवताराला, फारसीत अल्लाला, आणि तिघांच्या दानाची यादी जवळपास सारखीच. ही शिळा १९११ मध्ये सापडली ती गॉलमध्ये एका मोरीवर झाकण म्हणून घातलेली. अमेरिकेपेक्षा हे कमी आहे का? मला नाही वाटत. तेव्हाच्या मला वाटलं असतं.

आता मी चीनच्या मिंग राजघराण्याच्या इतिहासातली झेंग हेच्या जहाजाची लांबी सांगते, हिशेबाने सुमारे १३७ मीटर, आणि लगेच जोडते की एवढं लाकडी जहाज लाटांवर टिकेल का यावर वाद आहे, बरेच अभ्यासक निम्म्यावर आणतात. श्रोते वैतागतात. "नक्की काय ते सांगा ना!" चीन सरकार झेंग हेला शांतिदूत म्हणून मिरवतं, तेव्हा मी हेही सांगते की १४११ मध्ये त्याने सिंहलद्वीपाच्या राजाला पकडून दरबारात नेलं होतं. मग पैसे कुठून येतात हे विचारणारे गप्प बसतात आणि दुसरेच नाराज होतात. एका संयोजकांनी सुचवलं, "दाभोळला थांबले असतील असं म्हणा की, कार्यक्रम रंगेल." मा हुआनच्या पुस्तकात कोल्लम, कोची, कालिकत आहेत, कोकणावर प्रकरण नाही. मी तसं म्हटलं नाही. पुन्हा बोलावणं आलं नाही.

तर हे प्रायश्चित्त आहे का? थोडंफार. पण नुसत्या प्रायश्चित्तासाठी कुणी इतकी वर्षं एसटीने फिरत नाही. मला त्या जहाजांचं वेड आहे, फ्लेक्सच्या आधीपासून आहे, आणि त्या वेडानेच मला आंधळं केलं होतं.

गेल्या महिन्यात तो फ्लेक्स माळ्यावरून काढला. एका शाळेत लावला आणि म्हटलं, यात मोठी चूक आहे, शोधा. पाऊण तास झाला, कुणाला सापडली नाही. शेवटी मीच बोट ठेवलं. निघताना मुख्याध्यापकांनी फ्लेक्ससमोर माझा फोटो काढला, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला. फोटोखाली त्यांनी काय लिहिलं, ते मी अजून बघितलेलं नाही.