मखपष्ठ

गेल्या दिवाळी अंकांच्या धामधुमीत नवा लॅपटॉप घेण्याचा शहाणपणा मी केला. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईने जुलै ते ऑक्टोबर या काळात यंत्राला हात लावू नये, हे मला कळतं. पण जुन्याची बिजागरी तुटली होती आणि पडदा उशीला टेकवून किती दिवस वाचणार?

मेल मी थंडरबर्ड नावाच्या प्रोग्राममध्ये वाचते. जुन्या यंत्रातून सगळी टपालं नीट आणली, खाती जोडली, चहा घेऊन बसले आणि पहिलाच विषय दिसला : ‘मखपष्ठ अंतिम’. त्याखाली ‘सधारित मजकर’. त्याखाली ‘गरुवारपर्यंत हवे’. यादीतल्या प्रत्येक ओळीचा तळ कापला गेला होता. अक्षरांच्या खाली येणारे उकार आणि ऋकार गायब. ‘गुरुवार’मधल्या ‘रु’चा उकार तेवढा वाचला, कारण तो बिचारा बाजूला लागतो. जिचं पोट ऱ्हस्व-दीर्घावर चालतं तिला ‘सुत’ आणि ‘सूत’ दोन्ही ‘सत’ दिसायला लागले!

चूक माझीच होती. ओळी दाट ठेवायच्या आणि अक्षर मात्र मोठं, हे दोन्ही हट्ट एकदम केले होते. जुन्या यंत्रावर तेच हट्ट पुरे व्हायचे, कारण तिथे बहिणीच्या मुलाने सात-आठ वर्षांपूर्वी एक छोटी फाइल लिहून दिली होती : यूजरक्रोम डॉट सीएसएस. यादीच्या ओळीची उंची, न वाचलेल्या मेलचा रंग, फोल्डरांची नावं ठळक, एवढंच त्यात. ती फाइल प्रोफाइलच्या, म्हणजे थंडरबर्ड आपलं टपाल आणि सेटिंग ठेवतो त्या फोल्डरात, ‘क्रोम’ नावाच्या उपफोल्डरात राहते. मी आणलं होतं टपाल. घर आणलं आणि खिडक्या तिथेच राहिल्या.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, जुनं मशीन अजून सुरू होतंय ना? मग रडू नकोस.”

मदत मेन्यूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण असतं. जुन्यावरून ‘क्रोम’ फोल्डर उचलला, नव्यात ठेवला. काही झालं नाही. आता यातली मजा अशी की फाइल वाचलीच जात नाहीये, की वाचूनही तिचा उपयोग होत नाहीये, हे बाहेरून कळत नाही. भाच्याची युक्ती मला फार आवडली : फाइलमध्ये एकच ओळ टाकायची, सगळ्या खिडकीची पार्श्वभूमी पिवळीधमक करणारी. पिवळं झालं तर फाइल पोचली. नाही झालं तर रस्त्यात अडली.

झालं नाही पिवळं. मग कॉन्फिग एडिटर, म्हणजे आतल्या बारीक सेटिंगची यादी, उघडून ‘लेगसी यूजर प्रोफाइल कस्टमायझेशन्स’वाली, अशी फाइल वाचायची परवानगी देणारी नोंद शोधली. ती मुळातच ‘फॉल्स’ असते, ‘ट्रू’ केली. तरी नाही. शेवटी सापडलं ते अगदीच लाजिरवाणं होतं. पिवळी ओळ टाकताना मी नोटपॅडमध्ये नवी फाइल जतन केली होती आणि विंडोज फाइलच्या नावांची शेपटं लपवतं. फाइलचं खरं नाव यूजरक्रोम डॉट सीएसएस डॉट टीएक्सटी झालं होतं. दुसऱ्यांची अनावश्यक टिंबं काढून मी पैसे घेते, आणि हे माझं!

नाव सुधारलं, बंद करून परत चालू केलं, खिडकी हळदी समारंभासारखी झाली. पण जुने नियम परत घातले तर ओळींची उंची होती तितकीच. कारण जुलै २०२३मध्ये आलेल्या ११५व्या आवृत्तीपासून, ‘सुपरनोव्हा’ म्हणतात तिला, मेलची यादी आतून नव्याने बांधलेली आहे. जुन्या बांधणीतल्या भागांची नावं घेऊन हाक मारली तर ओ देणारं आता कोणी नाही. भाच्याने पडदा शेअर करून डेव्हलपर टूलबॉक्समधून नवी नावं शोधली. मधल्या काळात मी जुनी आवृत्ती घालून हेच प्रोफाइल उघडायचा प्रयत्न केला होता, तो थंडरबर्डने सरळ नाकारला. नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनीला दिलं की ती नवं प्रोफाइल काढा म्हणते. बरं झालं, नाहीतर मी आणखी गोंधळ केला असता.

गंमत म्हणजे निम्म्या फाइलची गरजच उरली नव्हती. मेन्यूमध्येच आता ‘डेन्सिटी’, म्हणजे ओळींची दाटी, आणि अक्षराचा आकार असतो. ‘रिलॅक्स्ड’ केलं की उकार आपोआप खाली मोकळे पाय सोडून बसतात. मी ते केलं नाही, कारण मग पडद्यावर मेल कमी मावतात. माझा हट्ट माझ्यापाशी.

मेलच्या आतलं अक्षर हे वेगळं प्रकरण. ते सेटिंगमधल्या फॉन्ट्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’ बटणामागे असतं, आणि तिथे लिपीनुसार वेगवेगळा संच असतो. मी वर्षभर लॅटिनचा आकार वाढवून देवनागरी का वाढत नाही म्हणून चिडत होते. आता लॅटिन, देवनागरी आणि ‘अदर रायटिंग सिस्टिम्स’ तिन्हीकडे भरते. ‘मोनोस्पेस’चा, म्हणजे सारख्या रुंदीच्या अक्षरांचा, आकारही वाढवायचा, कारण साध्या मजकुराच्या मेल त्यात दिसतात आणि आमचे काही लेखक अजून तसेच लिहितात.

हे सगळं जपायचं तर कुठे कुठे आहे ते कळायला हवं, आणि ते एका जागी नाही. रंग-उंची ‘क्रोम’ फोल्डरात. टूलबार आणि खिडकीचे आकार एक्सयूएलस्टोअर डॉट जेसनमध्ये. फॉन्ट प्रेफ्स डॉट जेएसमध्ये, पण त्यात खात्यांचे पत्तेही मिसळलेले, म्हणून फॉन्टच्या तेवढ्या ओळी मी यूजर डॉट जेएस नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये घातल्या. ती प्रत्येक वेळी सुरू होताना वाचली जाते. आणि रकाने, म्हणजे कोणत्या फोल्डरात प्रेषक आधी की विषय, हे त्या त्या फोल्डरच्या एमएसएफ फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या सूचीत. ‘रिपेअर फोल्डर’ दाबलं तर ही फाइल नव्याने बनते आणि रकाने विस्कटू शकतात. हे मी दाबून शिकले. आता एका फोल्डरात रकाने लावून ‘अप्लाय कॉलम्स टू’ने बाकीच्यांना लावते.

टूल्समधलं ‘एक्स्पोर्ट’ सगळं प्रोफाइल झिप करून देतं, पण दोन जीबीच्या आतलं. माझं टपाल त्याच्या कितीतरी पुढे आहे, म्हणून थंडरबर्ड बंद करून अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेते. त्यात पासवर्डही जातात, त्यामुळे त्या सगळ्यांना कुलूप घालणारा प्रायमरी पासवर्ड आधी लावला. छोट्या तीन वस्तूंची, क्रोम, एक्सयूएलस्टोअर, यूजर डॉट जेएस, वेगळी झिप करते. एखाद्या फोटोएवढीही भरत नाही. ती पेनड्राइव्हवर पुण्याला बहिणीकडे ठेवली आहे. सांगलीत राहणाऱ्याला ‘घराबाहेर एक प्रत’ याचा अर्थ समजवावा लागत नाही. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझं तेव्हाचं यंत्र आणि शब्दकोशांची पोती शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होती.

भाच्याच्या फाइलमध्ये आता मी प्रत्येक नियमाच्या वर मराठीत टीप लिहिली आहे : हा ओळीची उंची, हा न वाचलेल्यांचा रंग, हा ११५नंतरचा. आधीच्या फाइलमध्ये एकही टीप नव्हती आणि लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हतं कुठली ओळ कशासाठी.

मुखपृष्ठ आता मुखपृष्ठ दिसतं. यादीतला ‘ल’ मात्र अजून हिंदी वळणाचा येतो. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं शासनानेही निर्णय काढून ठरवून दिली आहेत. भाचा म्हणतो, त्यासाठी फॉन्टच बदलावा लागेल. मी म्हटलं, दिवाळीनंतर.