मराठीत पुढचा शब्द सुचवताना

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या आत्याला कंपवात आहे. त्या आजारात अनेकांचा होतो तसा तिचा आवाजही बारीक झाल्यामुळे फोनशी बोलून मजकूर लिहिण्याची सोय तिच्या फारशी उपयोगाची नाही, आणि म्हणून नातेवाइकांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना ती बोटानेच संदेश लिहिते. नेमक्या अक्षरावर बोट टेकवणे हेच जिथे सर्वांत कष्टाचे काम, तिथे कीबोर्डने सुचवलेला योग्य शब्द मोठा आधार ठरतो.

हा आधार किती भक्कम असू शकतो, हे स्टीफन हॉकिंग यांच्या बाबतीत दिसले. गालाच्या हालचालीवर चालणाऱ्या त्यांच्या संगणकात इंटेलने पुढचा शब्द सुचवणाऱ्या ‘स्विफ्टकी’ कीबोर्डचे तंत्र बसवले, ते त्यांच्याच लेखनावरून घडवले, आणि २०१४ मध्ये इंटेलने सांगितल्याप्रमाणे त्यांना एकूण अक्षरांपैकी २० टक्क्यांहूनही कमी अक्षरे स्वतः निवडावी लागत होती.

ते लेखन इंग्रजी होते. मराठीत नामाचे आधी सामान्यरूप होते, म्हणजे ‘ठाणे’चे ‘ठाण्या’, मग त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडले जाते आणि पुष्कळदा त्यावर आणखी एक प्रत्यय चढतो. ठाण्याला, ठाण्याहून, ठाण्यातल्या, ठाण्याजवळच्यांना ही रूपे निव्वळ शब्द मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी वेगवेगळे शब्द असतात. त्यांतली लांब रूपे मजकुरात क्वचितच येत असल्याने ती सुचवलीही जात नाहीत. त्यात अनेक कीबोर्ड सूचना निवडताच पुढे मोकळी जागा सोडतात. आत्याला ‘ठाणे’ आयते मिळते खरे, पण ‘ठाण्याहून’ लिहिण्यासाठी ती जागा आणि मात्रा पुसून उरलेले सगळे हाताने लिहावे लागते.

मला वाटते, मराठीसाठी सूचना दोन टप्प्यांत यायला हव्यात: आधी ‘ठाण्या’ हे सामान्यरूप, आणि ते निवडताच जागा न सोडता त्याला लागू शकणारे प्रत्यय. पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डमध्ये व्यंजन दाबले की त्याभोवती बाराखडीची रूपे उमटतात. तसेच प्रत्ययांचे चक्र सामान्यरूपाभोवती उमटू शकेल. यात प्रत्ययांच्या जागा कायम असाव्यात, हा माझा आग्रह आहे, कारण दर वेळी बदलणारी यादी वाचण्यातच पुष्कळ श्रम जातात, तर ठरलेली जागा हाताच्या सवयीची होते. ला, ने, त, हून, च्या आणि साठी एवढ्यांपासून सुरुवात केली, तरी आत्याचे रोजचे बरेचसे लेखन त्यात बसेल.