दोन बोटं ब्रेकवर

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या माणसाने करायचं एकच काम असतं, कूलरसमोर आडवं होणं. त्या दिवशी कूलरच आडवा आला. पंपाचा एक नट कुठेतरी गळून पडला होता आणि पंप पाण्यात कलंडून नुसता गुरगुरत होता. ताट्या कोरड्या पडायला लागल्या, खोलीत गरम हवा फिरू लागली. बायको डोळे न उघडताच म्हणाली, "त्या डब्यात पाहा ना, असेल एखादा."

तो डबा म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं सामान. बाबांच्या वेळचा डालड्याचा डबा. तीन घरं बदलली, पण डबा कधी टाकला नाही. त्यात नट, बोल्ट, वायसर, ठोकून सरळ केलेले खिळे आणि ज्यांचं कुलूप केव्हाच हरवलंय अशा किल्ल्या. वर्तमानपत्र पसरून डबा पालथा केला, बोटाने चाळत बसलो, तर नटाच्या जागी हाताला लागलं ब्रेकचं रबर.

नव्या पोरांना ते ओळखू येणार नाही. दांड्याच्या ब्रेकच्या सायकलचं होतं ते. ब्रेक दाबला की सळया वर खेचल्या जायच्या आणि रबर रिमला आतून घासायचं. बोटाच्या पेराएवढं, काळं, वाळून दगड झालेलं. मी ते तसंच मुठीत धरून फरशीवर बसून राहिलो. नटाचं कोणाला पडलं होतं!

आता हे सांगायला हवं की मी ब्रेकवाला माणूस आहे. सायकलवर बसलो की माझी दोन बोटं ब्रेकवर असतात, सपाट रस्त्यावरसुद्धा. बायको गाडी चालवते तेव्हा शेजारच्या सीटवर माझा उजवा पाय दर चौकात खालचा पत्रा दाबतो. "तुमच्या पायाखाली काही नाहीये," असं ती वीस वर्षं सांगते आहे. मलाही ते माहीत आहे. पाय ऐकत नाही.

आणि असा हा माणूस गेली तीन वर्षं रविवारी सकाळी डोंगरउताराच्या सायकल शर्यतीत उतरतो.

शर्यत हा शब्द मी जरा मोठा वापरला. आम्ही चौघं आहोत. एक वकील, एक मास्तर, माझा भाचा आणि मी. हिंगण्याच्या पुढे, झिलपीच्या तलावाच्या अंगाला मुरमाच्या टेकड्या आहेत. पहाटे पाचला गाडीच्या मागे सायकली बांधून निघायचं, ऊन चढायच्या आत चार-पाच फेऱ्या मारायच्या आणि परतताना तर्री-पोहे. उतार जेमतेम पाऊण मिनिटाचा. तेवढ्यासाठी सायकल ढकलत वर न्यायला पंधरा मिनिटं लागतात. मास्तरांनी एकदा हिशोब मांडला की आपण सायकलवर बसतो कमी आणि तिला चालवत नेतो जास्त. हिशोब मांडून ते पुन्हा ढकलायला लागले.

खऱ्या शर्यतीत जसं एकेकाला सोडतात, तसं आम्हीही एकेकालाच सोडतो. वर उभा असलेला फोनवर ओरडतो, "सोडला!" आणि खालचा घड्याळ सुरू करतो. तिथे रेंज येते-जाते. एकदा वकीलसाहेब सुटले आणि नेमका फोन कट झाला. खाली आल्यावर त्यांनी दहा मिनिटं युक्तिवाद केला की पुराव्याअभावी संशयाचा फायदा त्यांना मिळावा आणि त्यांची वेळ आधीच्या आठवड्याची धरावी. ती धरली. त्याशिवाय पोहे मिळाले नसते.

भाच्याची सायकल वेगळी आहे. पुढे-मागे सस्पेन्शन, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. एका बोटाने दाबला तरी चाक थांबतं. आम्हा तिघांच्या सायकलींना पुढेच काय तो थोडा झोका. पहिल्या दिवशी तो मागून ओरडत होता, "मामा, चाकाकडे काय पाहून राहिले? पुढे पाहा ना!" त्याचं म्हणणं असं की ज्या दगडाकडे पाहाल त्याच्यावरच सायकल जाते. हे शंभर टक्के खरं आहे. मी एका दगडाकडे इतक्या निष्ठेने पाहिलं की तीन रविवार ओळीने त्याच्यावरच गेलो. मास्तर त्या दगडाला आता माझं आडनाव लावतात.

फेब्रुवारीत तिथे पळस फुललेला असतो आणि सागाची पानं गळून पडलेली असतात. दिसायला फार छान, पण चाकाखाली कठीण. एकेक पान सुपाएवढं, वाळून पापडासारखं. त्याच्याखाली खड्डा आहे की मूळ की नुसती माती, हे चाक गेल्यावरच कळतं. आणि वळणावर सुटा मुरूम पसरलेला असतो. कंच्यांवरून चालल्यासारखं वाटतं. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक सरकतं आणि माणूस आडवा. मागचाच दाबला तर चाक नुसतं घसरत जातं, थांबत नाही. उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरं थांबवतो तो पुढचाच. पण त्याला विचारत विचारत दाबावं लागतं. पाहुण्याला आणखी एक पोळी वाढताना विचारतात तसं.

भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही ब्रेक सोडतच नाही. सायकलला जाऊ तर द्या!"

मी त्याला रीपॅकची गोष्ट सांगितली. हा खेळ जिथून सुरू झाला त्यातली ती एक जागा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा डोंगरी रस्ता आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथली काही पोरं जुन्या जाड टायरच्या, भंगारातून काढलेल्या सायकली घेऊन त्याच्यावरून खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिल्यांदा घड्याळ लावून शर्यत घेतली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातलीच मंडळी. पुढे माउंटन बाइक जगभर गेली ती यांच्या हातून. फिशरने तो उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत मारला, तोच विक्रम. पण माझा जीव अडकला तो नावात. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतरणीत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जायचा. खाली आलं की हब खोलायचा, नवं ग्रीस भरायचं, मग पुन्हा वर. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं रीपॅक. पुन्हा भरा.

म्हणजे बघा. या खेळाच्या पंढरीला नाव मिळालं ते ब्रेकमुळे. वाऱ्याचं नाही, विजेचं नाही, चित्त्याचं नाही. भाचा म्हणाला, "त्यांचे ब्रेक जळत होते मामा, कारण ते जोरात जाऊन राहिले होते." यावर मी पोह्यांत तर्री ओतून घेतली.

त्या रस्त्याचा उतार १३०० फुटांचा आहे. म्हणजे जवळपास ४०० मीटर. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे प्राणहिता होऊन गोदावरी आणि मग बंगालचा उपसागर. या नदीसोबत अगदी समुद्रापर्यंत उतरत गेलो तरी रीपॅकएवढा उतार भरायचा नाही. तरी आमचं आपलं दर रविवारी चाललेलं असतं. वकीलसाहेबांची याहून वेगळी तक्रार आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात उताराची शर्यत होती. आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक घेतली, तर फक्त क्रॉसकंट्री. चढावर धापा टाकणारी. उताराला आजतागायत प्रवेश नाही. ते म्हणतात हा सरळसरळ अन्याय आहे. माझी आई असती तर ऑलिंपिकवाल्यांच्या बाजूने उभी राहिली असती. "उतरायला काय अक्कल लागते?" हे तिचं वाक्य होतं. पडायला तर मुळीच लागत नाही, हे त्याच्या पुढचं.

ते ती माझ्याकडे पाहून म्हणायची. त्याला कारण होतं.

आम्ही तेव्हा सेमिनरी हिल्सच्या सरकारी क्वार्टरात राहायचो. बाबांची बावीस इंची काळी सायकल होती. सकाळी साडेनऊला सगळे बाबालोक सायकली काढायचे आणि सिव्हिल लाइन्सकडच्या उतारावरून पायडल न मारता सर्र निघून जायचे. कोणी टाय उडवत, कोणी डबा सांभाळत. आमचे बाबा मात्र उतार लागला की खाली उतरायचे. हँडल धरून, सायकलच्या बाजूने चालत चालत पार खालपर्यंत जायचे आणि सपाटीला लागले की टांग मारायचे. पोट्टे मला विचारायचे, "काहून बे, तुझे बाबा सायकलला फिरायला नेतात का?" मी काय सांगणार? मला वाटायचं बाबा भितात. माझे बाबा उताराला भितात, हे अकरा वर्षांच्या पोराला फार होतं.

म्हणून १९८४ च्या उन्हाळ्यात एका रविवारी, बाबा झोपलेले असताना मी त्यांची सायकल काढली. कैची सोडून नळीवरून पाय टाकायला नुकताच शिकलो होतो. दोघं पोट्टे आठ आणे तासाच्या भाड्याच्या सायकली घेऊन आले होते. फुटाळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर लावली. पहिल्यांदा मीच पुढे. कानात वारा, डोळ्यांत पाणी, समोर उन्हात चकाकणारा तलाव. मी ओरडत होतो हे आठवतं, काय ओरडत होतो ते नाही.

मग वळण आलं आणि मी ब्रेक दाबला.

दाबला, म्हणजे दांडा हँडलला जाऊन टेकला. खालून फक्त लोखंडाचा कर्रर आवाज आला. वेग तेवढाच. पाय खाली सोडले, स्लिपरा डांबराला घासत गेल्या. जळक्या रबराचा वास आला. एक स्लिपर मागे राहिली. मग रस्ता डावीकडे गेला आणि मी सरळ गेलो. काठचं बेशरम होतं म्हणून वाचलो. त्या झुडपाला हे नाव कोणी दिलं माहीत नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघं एकाच जातीचे होतो. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं. चिखलात बसलेल्या एका म्हशीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मागून दोस्त आले आणि त्यांनी पहिलं विचारलं, "सायकलले काही झालं का बे?"

घरी मार पडणार हे ठरलेलंच होतं. आईने हळद दाबता दाबता तोंडाचा पट्टा सुरू केला होता. बाबा उठून बाहेर गेले, सायकलपाशी उकिडवे बसले. ब्रेक एकदा दाबून पाहिला. पुन्हा दाबला. मग आत येऊन माझा गुडघा पाहिला आणि काहीच न बोलता पंख्याखाली जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नवी रबरं आणली, चारही, आणि अंगणात पान्याने बसवली. मी शेजारी बसून वायसर धरले. मार पडला नाही, याला मी आजवर माझं नशीब समजत आलो.

गुडघ्याची खूण दाखवत मी शाळेत भरपूर मिरवलं. त्या पावसाळ्यानंतर पोट्ट्यांनी बाबांवरून चिडवणं सोडलं, तेही त्या खुणेमुळेच असं मला वाटायचं. तसंही चिडवायला काही उरलं नव्हतं. बाबा आताशा उतारावरून बसून जायला लागले होते. सर्र. डबा सांभाळत.

फरशीवर बसून मी ते रबर उलटं करून पाहिलं. घासायच्या बाजूला रबर नव्हतंच. आतलं लोखंड उघडं पडलेलं आणि तेही घासून एका अंगाने चकचकीत झालेलं. फुटाळ्याच्या एका उतारावर रबर असं होत नाही. याला महिने लागतात. सकाळ-संध्याकाळ, सिव्हिल लाइन्सपर्यंत आणि परत.

त्या वर्षी जूनमध्ये ताईचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. माझी नवी पुस्तकं. आणि सुट्टीत भाड्याच्या सायकलसाठी मी रोज आठ आणे मागायचो, ते कधी नाही म्हटल्याचं आठवत नाही.

"सापडला का हो?" आतून बायकोचा आवाज आला.

"नाही," म्हटलं.

पंप सुतळीने बांधला. चालतोय.