तीन गावं आणि एक कॉम्प्युटर

जून २०१८. मी तेव्हा आपले सरकार सेवा केंद्रात केंद्रचालक होते. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा संग्राम प्रकल्प बंद पडल्यावर २०१६ ला ही योजना आली, त्यात कमी उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींना एकत्र करून एकच केंद्र द्यायचं होतं, म्हणून भोरच्या पश्चिमेला डोंगराकडच्या आमच्या तीन छोट्या गावांना मिळून एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि चालवायला मी एकटी. तिन्ही ग्रामपंचायतींनी तसे ठराव केलेले, खर्च वित्त आयोगाच्या निधीतून. मशीन मधल्या गावात.

रविवारी रात्री वळवाचा पाऊस, विजा नुसत्या कडाडत होत्या. सोमवारी ऑफिस उघडलं तर जळका वास. बटण दाबलं, काहीच नाही. हातपायच गळाले माझे, कारण तिन्ही गावांचं नमुना ८ (घरांची आणि त्यांच्या कर आकारणीची नोंद) आणि नमुना ९ (कर मागणी आणि वसुलीची नोंद) त्याच मशीनवर, आणि मी शेवटचा बॅकअप घेतला होता जानेवारीत. म्हणजे मार्चची सगळी घरपट्टी वसुली त्यात नाही.

तेवढ्यात वरच्या गावातल्या एक आजी आल्या, सहा किलोमीटर चालत. घरकुलाची फाईल त्याच दिवशी द्यायची होती आणि नमुना ८ चा उतारा राहिलेला. "बाई, तेवढा कागद दे गं" म्हणून दारातच बसल्या. लाईट आली की देते असं खोटं मला सांगवेना. म्हटलं आजी मशीन जळलंय, पण तुमचा कागद आज होणार, तुम्ही चहा घ्या.

भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे, तिन्ही गावांचा चार्ज, ते मीटिंगला तालुक्याला. फोन केला तर म्हणाले जुनं रजिस्टर कपाटात आहे, चावी शिपाईमामांकडे. मामा भर पावसात गाडीवर जाऊन प्लास्टिकमध्ये गुंडाळून रजिस्टर घेऊन आले, मी हाताने उतारा लिहिला, मामांनी आजींना गाडीवर बसवून भोरला नेलं आणि सही शिक्का तिथंच झाला.

दुपारी तिन्ही सरपंच जमले, आणि दुरुस्तीचे पैसे कोण देणार यावरून जुंपली. एक म्हणाले, "मशीन तुमच्या गावात, तुम्ही बघा." सरपंचताई म्हणाल्या, "आप्पा, काम काय आमच्या एकट्याचं होतं का?" मी ठराव वाचून दाखवला. केंद्र कुठे बसवायचं, कोणत्या वारी कुठल्या गावाचं काम घ्यायचं, सगळं होतं, पण मशीन बिघडलं तर काय आणि डेटा कोणी सांभाळायचा यावर एक ओळ नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण भांडण चाललं होतं मशीनवर आणि त्यातल्या नोंदींची आठवण कोणालाच नव्हती, त्या लोकांच्या घरांच्या नोंदी होत्या. मी तसं सरळ बोलले. मग ताईंनीच कागद ओढला, खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, अर्थिंग आणि यूपीएस आधी, आणि दर शुक्रवारी तीन पेन ड्राईव्हवर बॅकअप, एकेक प्रत्येक गावाच्या कपाटात. पुढच्या मासिक सभेत तिन्हीकडे ठराव मंजूर झाला.

भोरच्या रिपेअरवाल्या दादांनी बुधवारी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. मदरबोर्ड गेलेला, डिस्क शाबूत. मी आधी वरच्या गावाचं नमुना ८ उघडलं आणि आजींचा घर नंबर शोधून मी लिहिलेल्या उताऱ्याशी ताडून पाहिला. क्षेत्रफळासकट सगळं जुळत होतं.