उतरताना

गुडघ्याच्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडांना हाडे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, शस्त्रक्रियेनंतर जिना चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते, हे ज्याच्यावर बेतले आहे त्यालाच पटते. ठाणे स्थानकाच्या पुलावर सारी सहानुभूती धापा टाकत चढणाऱ्यांच्या वाट्याला येते. कठडा धरून एकेक पायरी सावकाश उतरणाऱ्याला मात्र मागून ‘काका, जरा बाजूला’ एवढेच ऐकू येते. वास्तविक चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो, तर उतरताना तोच स्नायू अंगाचे वजन पेलत हळूहळू लांबत जातो आणि सायकलच्या ब्रेकसारखा गुडघ्याला आवरतो. अशक्त मांडीचे पितळ उघडे पडते ते इथेच.

मांडी रोडावली ती खाटेवर पडून राहिल्यामुळे, असे आमच्या आप्तांचे ठाम मत आहे. ते अर्धेच खरे आहे. सांध्यात सूज असेपर्यंत तिथून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्थाच त्या स्नायूला आवर घालते. रुग्णाने कितीही मनावर घेतले तरी तो पूर्ण ताकदीने आवळला जात नाही. म्हणून आधी सूज ओसरू देणे आणि गुडघा पूर्ण सरळ करणे महत्त्वाचे असते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, हा व्यायाम पाहणाऱ्याला पोरखेळ वाटतो. माझी फिजिओथेरपिस्ट गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटे टेकवून म्हणायची, “काका, कंबर नका उचलू, फक्त मांडी आवळा.” मी दात आवळत असे, मांडी ढिम्म. मग एका सकाळी तिच्या बोटांखाली काहीतरी बारीक थरथरले, वाटी केसभर वर सरकली, आणि आम्ही दोघेही उगाचच हसलो.

घरी डिंकाच्या लाडवांचा रतीब सुरू होता. स्नायूंना प्रथिने हवीत हे खरे, परंतु लाडवांनी वाढलेले वजनही उतरताना शेवटी त्याच मांडीला पेलावे लागते, हे मावशीला सांगण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

दुखायचे थांबले म्हणजे पाय बरा झाला, ही समजूत अधिक घातक आहे, विशेषतः कबड्डी खेळणाऱ्या तरुणांच्या बाबतीत. शस्त्रक्रियेत तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेले नवे लिगामेंट बहुधा रुग्णाच्याच मांडीच्या मागच्या किंवा वाटीखालच्या कंडरेतून, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागातून, घेतलेले असते. ते बसवल्यावर त्यात रक्तवाहिन्या नव्याने शिरतात, त्याची घडण बदलू लागते, आणि या बदलाच्या पहिल्या काही महिन्यांत ते बसवले तेव्हापेक्षाही कमकुवत असते. नेमक्या याच काळात सूज गेलेली असते आणि चालणेही सुधारलेले असते. म्हणून साधारण ९ महिन्यांपूर्वी मैदानात उतरू नये, आणि तेव्हाही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरावी, असा सल्ला दिला जातो.

मला मैदानात उतरायचे नाही, पाटावरून उतरायचे आहे. शस्त्रक्रियेच्या पायावर पाटावर उभे राहायचे, दुसऱ्या पायाची टाच अगदी सावकाश जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर यायचे. गुडघा आत झुकता कामा नये. चांगला पाय सवयीने मदतीला धावतो, त्याला तसाच अधांतरी ठेवणे हीच खरी मेहनत. सेकंद मोजायला पत्नी समोर उभी असते, आणि तिचे सेकंद, माझ्या मते, घड्याळापेक्षा बरेच लांब असतात.