रोमुलोंच्या मागावर: मनिला, कामिलिंग, पालो आणि मधले ते ३५ किलोमीटर

फिलिपिन्सचे मुत्सद्दी कार्लोस पी. रोमुलो यांची ठिकाणं मनिलात एका दिवसात उरकतात असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. दिलिमनचं फिलिपिन्स विद्यापीठ आणि तागिगमधली ‘लिबिंगान नांग मंगा बायानी’ ही वीरांची दफनभूमी (१९८५ साली त्यांना इथेच पुरलं) दिवसभरात होतात. पण बालपणाचं कामिलिंग उत्तरेला तार्लाक प्रांतात आणि १९४४ साली अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांच्यासोबत ते ज्या किनाऱ्यावर उतरले, तो पालोचा किनारा पार लेते बेटावर. चार दिवस हाताशी ठेवा.

खरी परीक्षा कामिलिंगची. मनिला महानगरातल्या कुबाओहून बस घेतली की तार्लाक शहरापर्यंत द्रुतगती मार्ग, खुशाल झोपा. पुढचे साधारण ३५ किलोमीटर मात्र अंगावर येतात, आणि या रस्त्याचं नाव काय, तर रोमुलो हायवे! संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा पहिला आशियाई अध्यक्ष (१९४९), आणि नावाला आला हा दुपदरी रस्ता. ट्रायसिकलवाले (मोटरसायकलला बाजूला डबा जोडलेली रिक्षा) मधून हलत नाहीत. त्यात सुगीचे दिवस असले तर शेतकरी काँक्रीटवरच भात वाळत घालतात: अर्धा पदर पिवळाधमक, कडेला दगडांची ओळ, एखादी बाई लाकडी फावड्याने भात उलटतेय आणि दोन्हीकडची वाहनं उरलेल्या जागेतून वाट काढताहेत. नकाशा जेवढा वेळ दाखवेल त्याच्या दुप्पट धरा. स्वतः गाडी चालवत असाल तर अंधार पडल्यावर इथे नकोच. ते दगड दिव्याच्या उजेडात फार उशिरा दिसतात. बसला नुसती ‘तार्लाक’ पाटी असेल तर शहरातच उतरावं लागेल. ‘कामिलिंग’ असं विचारूनच चढा, आणि मनिला सकाळी सहाच्या आत सोडा.

पोहोचल्यावर? जुनं चर्च १९९७ साली जळालं. रोमुलोंसाठी म्हणून पाहायला फारसं नाही, तासाभरात गाव होतं. चिचारोन (तळलेली कुरकुरीत डुकराची कातडी) घ्या आणि परत फिरा. दिवस मोजकेच असतील तर कामिलिंग सरळ गाळा.

दिलिमन सोपं आहे. १९६२ ते ६८ रोमुलो या विद्यापीठाचे अध्यक्ष होते, रोमुलो हॉल आवारातच आहे. आतल्या जीपनींचं (ठरावीक मार्गावर धावणाऱ्या लांबट प्रवासी गाड्या) एकच लक्षात ठेवा: ‘इकोत’ एका दिशेने फिरते, ‘तोकी’ उलट. तोकी म्हणजे इकोत हा शब्दच उलटा वाचलेला. चुकीची पकडलीत तर अख्खी फेरी घडते.

पालोसाठी मनिलाहून ताक्लोबानला विमान आणि तिथून जीपनी. लुबाडणूक होते ती ट्रायसिकलमध्ये. चालक ‘स्पेशल’ म्हणाला की सगळ्या सीटांचे पैसे तुम्ही एकट्याने भरायचे, आणि परतीचं भाडं तो वेगळं सांगणार. बसण्याआधी ‘जाऊन-येऊन, थांबण्यासकट, एकूण किती पेसो’ हे बोलून घ्या. सुटे पेसो जवळ हवेतच. मोठी नोट दिली की उरलेले परत मिळायची मारामार.

मॅकआर्थर इथे उतरले त्याचं स्मारक मात्र चुकवू नका. उथळ पाण्याच्या हौदात मॅकआर्थर यांच्यासह सात पुतळे, माणसापेक्षा मोठे. रोमुलो उंचीने बेताचे. मॅकआर्थर कमरेइतक्या पाण्यातून आले असतील तर मागचे रोमुलो बुडालेच असणार, असा विनोद तेव्हा पत्रकारांत चालायचा. नोव्हेंबर २०१३ च्या योलांदा वादळात जो पुतळा आडवा झाला तोही नेमका रोमुलोंचाच. आता परत उभा आहे. आवारात सावली कमी, तेव्हा टोपी-पाणी घेऊन सकाळीच गाठा.