बँकॉकला माठ गार होत नाही

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडची मंडळी हल्ली धम्मयात्रेला थायलंडात जातात, आणि नवतप्यात 45-46 अंश काढलेल्या माणसाला बँकॉकचे 36 काय करणार, असा सगळ्यांचा हिशेब असतो. हा हिशेब चुकतो. दुपारी एकच्या सुमारास विहाराच्या पायरीवर डोकं धरून बसलेली माणसं बहुतेक अशा खात्रीनेच निघालेली असतात.

कारण माठात आहे. मे महिन्यात माठ गारेगार होतो, कारण त्यातून पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडतं. तोच माठ श्रावणात कोमट राहतो आणि कूलर नुसता ओलसर वारा फेकतो. अंगाचंही तसंच आहे. घाम येण्याने माणूस थंड होत नाही, घाम वाळल्याने होतो. बँकॉकची एप्रिलमधली हवा वैशाखासारखी तापलेली आणि श्रावणासारखी ओली, दोन्ही एकदम. घाम हनुवटीवरून टपकतो, वाळत मात्र नाही.

म्हणून आपल्याकडचे काही उपाय तिथे उलटे पडतात. कान-डोकं दुपट्ट्याने घट्ट बांधणं कोरड्या झळांत बरोबर. तिथे त्याने उमस आत कोंडते. छत्री घ्या, दुपट्टा घाम पुसायला ठेवा. जाड सुती कपडा भिजला की दिवसभर ओलाच राहतो आणि मांड्या, काखा सोलवटतात. पातळ, सैल कपडे, एक जोड जास्तीचा, आणि निघतानाच मांड्यांना पेट्रोलियम जेली.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. गावाकडे पाचला उठणाऱ्याला तिथले साडेसहा जड जात नाहीत. हा फायदा घ्यावा. राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, साडेआठला उघडतो, तिकीट 500 बाट (बाट हे तिथलं चलन). दारावर सव्वाआठलाच उभं राहा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी चालते, पण ब्लाउज बाह्यांचं असू द्या. वाटेत कुणी ‘आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर त्याच्या टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसू नका. ही तिथली जुनी फसवणूक आहे, शेवट दागिन्यांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात होतो.

आवारातली पाचूची म्हणवणारी बुद्धमूर्ती प्रत्यक्षात हिरव्या जेडसारख्या दगडाची आहे, उंची जेमतेम 66 सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू पालटला की राजाच्या हस्ते ते बदलले जातात. आत फोटो काढू देत नाहीत, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही. बाहेरच्या ओवरीत भिंतभर रामकथा रंगवली आहे, 178 चित्रं. हनुमान आपल्याला लगेच ओळखू येतो. ओवरीला सावली आहे, तिथे रेंगाळा. उघड्या अंगणात नको.

साडेदहाला बाहेर पडून चालत ‘वाट फो’ला जा. थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार. तिकीट 300 बाट. पहुडलेले बुद्ध 46 मीटर लांब आहेत, पण माझ्या मते बघायचे ते तळवे. काळ्या तळव्यांवर शिंपल्याच्या चकचकीत तुकड्यांनी 108 मंगलचिन्हं जडवली आहेत. मागच्या बाजूला काशाची 108 भांडी ओळीने मांडलेली असतात. लोक एकेकात नाणं टाकत जातात आणि सगळ्या विहारात ती खणखण घुमत राहते.

बारा ते साडेतीन उन्हात काहीही बघू नका. सनाम चाय हे मेट्रो स्टेशन जवळच आहे. खोलीवर जा, आंघोळ करा, पडा. भिजल्या कपड्यांनी एसीत शिरलं तर हुडहुडी भरते, आधी अंग पुसा. शाकाहाऱ्यांना पाहुरतमध्ये, म्हणजे तिथल्या भारतीय वस्तीत, पोळी-भाजी मिळते. इतरत्र भाजीतही माशाचं पाणी पडतं. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे ते घालू नका. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ) लिहिलेलं असेल तर तिथे मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो.

नुसतं पाणी ढोसू नका. घामाबरोबर मीठही जातं, मग पायात गोळे येतात आणि डोकं ठणकतं. ओआरएसची पुडी सोबत असावी, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. पुडी संपली तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. शहाळं मिळेल तिथे घ्या. नळाचं पाणी नको. कुणी बरळायला लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपायला लागली तर सावलीत न्या, पाणी ओता, जोरात वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

चार वाजता था तिएन धक्क्यावरून 5 बाटची होडी पलीकडे वाट अरुणला सोडते. तिकीट 200 बाट. अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. मनोऱ्यावरची फुलं जवळ जाऊन पाहा: चिनी बश्यांच्या फुटक्या तुकड्यांची आहेत. पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं. सूर्यास्ताच्या आत होडीने परत या. वाट अरुण पश्चिम काठावर आहे, त्यामुळे सूर्य त्याच्या मागे बुडताना पूर्वेच्या था तिएनवरूनच दिसतो, आणि त्या वेळी नदीवर थोडं वारंही सुटतं.